बाण तेवढा उरला

दारावर टकटक झाली तेव्हा भावोजींनी चहाचा कप नुकता तोंडाला लावला होता.

"घंटा असताना ठोठावतंय कोण?" कुरकुरत ते उठले.

आत आलेले गृहस्थ सत्तरीच्या आसपासचे. अंगानं काटक. खिशात चष्मा आणि सुतारी पेन्सिल, भुवयांत लाकडाचा बारीक लालसर भुसा. बसण्याआधी त्यांनी खुर्चीच्या पाठीचा सांधा अंगठ्यानं चाचपून पाहिला आणि मग हळूच टेकले.

टेबलापलीकडे वहिनी बसल्या होत्या. विमा कंपनीत खोटे दावे पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता त्या स्वतःच्या जबाबदारीवर तपासाची कामं घेत. भावोजी हे त्यांचे धाकटे दीर, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. ते वहिनी म्हणत, म्हणून येणारेजाणारेही वहिनीच म्हणत.

"अक्षरं कधीपासून परकी झाली?" वहिनींनी विचारलं.

पाहुणे दचकले. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दारावर 'घंटा वाजवा' असं हातभर अक्षरांत लिहिलंय, आणि तुम्ही दार ठोठावलंत. खिशात चष्मा आहे, म्हणजे पूर्वी वाचत होतात."

पाहुण्यांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैलावला.

"मेंदूला झटका आला होता. हातपाय वाचले, वाचा वाचली, वाचन तेवढं गेलं. अक्षरं दिसतात, पण मुंग्यांच्या रांगेसारखी. अर्थ लागत नाही. लोक मला अण्णा म्हणतात. लाकडी खेळणी करतो."

"आणि आता काय झालंय?"

अण्णांनी शब्द जुळवून आणले होते, ते आता एकेक करून बाहेर काढले. त्यांच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं एक मशीन होतं. प्रत्येक खेळण्याचा आराखडा कॉम्प्युटरमध्ये ठेवलेला. फाइल उघडायची, हिरवं बटण दाबायचं, की मशीन लाकूड कापायला लागे. झटक्यानंतर फाइलींची नावं वाचता येईनात, तेव्हा परगावी राहणाऱ्या मुलीनं येऊन एक युक्ती केली. घोड्याच्या फाइलवर घोड्याचं चित्र, बदकाच्या फाइलवर बदकाचं.

"आयकॉन म्हणतात त्याला," अण्णा म्हणाले. "चित्र बघायचं, दोनदा टिचकी मारायची. माझा धंदा त्यावर पुन्हा उभा राहिला. पण गेले काही महिने, एखाद्या सकाळी कॉम्प्युटर चालू करावा तर चित्रं नसतात. सगळीकडे कोरा कागद. आज सकाळी पुन्हा तेच झालं."

"पुन्हा येतात?"

"येतात ना. मी घाबरून कॉम्प्युटर बंद करतो. घरात जातो, चहा घेतो, जरा पडतो. परत येऊन चालू केला की घोडा, बदक, सगळे हजर. एकदा पुतण्याला बोलावून दाखवायला गेलो, तर तो म्हणाला, अण्णा, सगळं जागच्या जागी आहे की. त्याच्या आवाजात अशी काही माया होती, की मी त्यानंतर कुणाला काही बोललो नाही."

भावोजींनी कप खाली ठेवला.

"एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आलीय," अण्णा पुढे म्हणाले. "आदल्या रात्री झोप झाली नाही, की दुसऱ्या दिवशी चित्रं जातात. म्हणजे डोकं थकलं की होतं हे. आधी अक्षरं गेली, आता चित्रं चालली." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "वहिनी, मला एवढंच सांगा, चित्रं तिथून जातात की इथून? इथून जात असतील तर शुक्रवारी मी कारखाना विकायच्या कागदांवर सही करतो. उद्या चुकीचं बटण दाबलं, तर माझा हात जाईल, नाहीतर माझ्याकडे रंगकाम करणाऱ्या पोरीचा."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"त्यांना विचारलं की घरी कळणार. बायकोनं माझ्यापायी फार सोसलंय."

वहिनींनी वही ओढली नाही की पेन उचललं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "तो कोरा कागद कसा दिसतो? अगदी कोरा?"

अण्णांनी डोळे मिटले. "पांढरा. वरचा कोपरा दुमडलेला. आणि खाली डाव्या कोपऱ्यात छोटासा बाण."

"बाण दिसतो?"

"स्वच्छ. वर वळलेला."

"आणि ती कचऱ्याची टोपली असते, नको त्या फाइली टाकायची?"

"ती आहे तशी दिसते. तिला काय होतंय."

वहिनी पहिल्यांदाच हसल्या. "उद्या आम्ही तुमच्याकडे खेळणी घ्यायला येतो. भावोजी, तुम्हाला एका बालवाडीचे मुख्याध्यापक व्हावं लागेल."

"बढती उशिराच मिळाली," भावोजी म्हणाले.

*

कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड. मधल्या दारातून घरात जायचं, समोरच्या दारातून रस्त्यावर. हवेत ताज्या लाकडाचा वास होता आणि प्रत्येक गोष्टीवर लालसर भुशाचा थर. मशीन एका टोकाला होतं, त्याच्याशेजारी टेबलावर कॉम्प्युटर.

अण्णांनी तो चालू केला. पडद्यावर घोडा, बदक, बैलगाडी, भोवरा, शिट्टी अशी चित्रं ओळीनं उमटली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण होता.

"वा," भावोजी मुख्याध्यापकी आवाजात म्हणाले. "मुलांना बदक आवडतं. बदकाच्या चालीनं पायाचे स्नायू बळकट होतात."

वहिनी तोवर वाकून कॉम्प्युटरच्या मागे पाहत होत्या. मागच्या बाजूला वायरी खोचण्याच्या बारीक खाचा होत्या. रिकाम्या खाचांत भुसा घट्ट बसला होता. एका खाचेत निळा पेनड्राइव्ह होता, बोटाच्या पेराएवढा. त्याच्याभोवती मात्र भुशाचा कण नव्हता.

"सांभाळून, मुंग्या आहेत," शेजारून डोकावत भावोजी म्हणाले आणि फुंकर मारून त्यांनी त्या उडवायचा प्रयत्न केला. काळ्या मुंग्यांची एक ओळ भिंतीवरून येऊन त्या निळ्या पेनड्राइव्हपाशी घोटाळत होती.

"इथं मुंग्या?" अण्णा चकित झाले. "मी इथं खायचं काही आणूच देत नाही. चहासुद्धा नाही. लाकडावर सांडला की डाग पडतो."

"उन्हाळा आहे, निघतात," वहिनी म्हणाल्या आणि उठून हात झटकले.

तेवढ्यात पुतण्या आला. तिशीतला, घाईतला, कानाशी फोन. ऑर्डरी घेणं आणि माल पोहोचवणं हे त्याचं काम. शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा, सकाळी आधी दुकानांची फेरी करायचा आणि मग कारखान्यात यायचा.

अण्णा लाकूड दाखवायला भावोजींना घेऊन गेले, तसं वहिनींनी त्याला गाठलं. "कारखाना विकताय असं ऐकलं. आमची ऑर्डर पुरी होईल ना?"

त्याचा चेहरा पडला. "अण्णा म्हणाले गिऱ्हाईक शोध, मी शोधलं. तो माणूस गोदाम करणार आहे इथं. खेळणी नाही काढणार."

"मग तुमचं काय?"

"माझं काय, दुसरी नोकरी बघायची. लहानपणापासून इथं खेळलोय मी. पण अण्णांना काही म्हणायची सोय नाही. दमलो म्हणतात. दमलेल्या माणसाशी वाद कसला घालायचा?"

"कॉम्प्युटर तुम्ही चालवू शकता की."

"मी हात लावत नाही. ताईनं, म्हणजे माझ्या चुलतबहिणीनं, तो अण्णांसाठी लावून दिलाय. एकदा त्यांनी बोलावलं म्हणून दुकानांची फेरी टाकून धावत आलो, तर सगळं ठीक होतं."

शेडच्या दुसऱ्या टोकाला रंगकाम चाले. तिथं एक तरुण बाई बदकांना चोची रंगवत बसली होती. तिला सगळे चिमणी म्हणत, आणि का म्हणत ते एका मिनिटात कळलं.

"बसा ना, तिथं नको, तिथं ओला हत्ती आहे. बालवाडीसाठी का? मग बिनविषारी रंग. आमचे सगळे बिनविषारीच. माझा मुलगा चाटतो, अजून ठणठणीत आहे."

तिच्या शेजारी एक छोटा स्पीकर गाणी म्हणत होता. त्याला एक लाल पेनड्राइव्ह लावलेला.

"हा तुमचाच?" वहिनींनी विचारलं.

"माझाच. गाण्यांशिवाय हात चालत नाही. अण्णांनाही आवडतात, पण मशीन सुरू झालं की काही ऐकू येत नाही."

"सकाळी लवकर येता?"

"कुठलं लवकर. मुलाला शाळेत सोडायचं, मग इकडे. मी येते तेव्हा अण्णांचा आतला चहासुद्धा झालेला असतो."

"अण्णांची तब्येत कशी आहे आता?"

चिमणीचा ब्रश थांबला. "आता बरी आहे. झटका आला ना, तेव्हा ते इथंच पडले, मशीनपाशी. आदल्या रात्री डोळ्याला डोळा नव्हता म्हणे, तरी सकाळी येऊन बसले. माई घरातून धावत आल्या. अण्णा जमिनीवर आणि मशीन आपलं कापतंय. मी आले तेव्हा माई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ते मशीन बंद कसं करायचं हे तेव्हा त्यांना माहीतच नव्हतं."

"तेव्हा?"

"नंतर शिकल्या. मुलगी आली होती ना, तिच्यामागे बसून बघायच्या सगळं. आता विचारलं तर म्हणतात, मला बाई त्यातलं काही कळत नाही."

*

माई म्हणजे अण्णांची बायको. ठेंगणी, हसरी, आणि पाहुण्यांना चहा दिल्याशिवाय न सोडणारी. स्वयंपाकघर इतकं नीट, की डब्यांची तोंडंसुद्धा एका दिशेला. मुंगीला तिथं काही मिळालं नसतं.

माईंनी आधण ठेवलं. मग फळीवरच्या एका छोट्या डब्याला हात घातला, क्षणभर थांबल्या, तो परत ठेवला आणि खालचा मोठा डबा काढून त्यातली साखर घातली.

"साखर बेताचीच घाला," वहिनी म्हणाल्या.

"मला नेहमीची," भावोजी घाईनं म्हणाले.

चहा घेता घेता वहिनींनी विचारलं, "कारखाना विकल्यावर अण्णांना करमेल का?"

"करमेल." माई पटकन म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "मला वाटलं होतं करमेल. आता विकायचं ठरलं तसे जास्तच गप्प झालेत. जेवताना बघते मी, घास हातात धरून बसतात. मी म्हणते, अहो, आता आराम करायचा. तर म्हणतात, हो, आता आरामच."

"झोप लागते त्यांना?"

"कधी लागते, कधी नाही. रात्रभर कूस बदलत असतात. त्यांना वाटतं मला कळत नाही."

वहिनींनी कप खाली ठेवला आणि त्या निघायला उठल्या.

*

घरी आल्यावर वहिनींनी अण्णांच्या मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाबांनी मला एका शब्दानं सांगितलं नाही," मुलगी म्हणाली. "व्हायरस असेल का?"

"व्हायरस चहा होईपर्यंत थांबून परत जात नाही. मला सांगा, ती चित्रं कुठं ठेवलीत?"

"पेनड्राइव्हवर. आधीचा कॉम्प्युटर बिघडला तेव्हा त्यातली माझी जुनी चित्रं सगळी गेली होती. म्हणून या वेळी वेगळी ठेवली. आराखडे कॉम्प्युटरमध्येच आहेत. डेस्कटॉपवर आहेत ते शॉर्टकट, म्हणजे आराखड्याकडे नेणाऱ्या नुसत्या खुणा. म्हणून तर प्रत्येकावर तो बाण असतो. कॉम्प्युटर चालू होताना खुणेचं चित्र पेनड्राइव्हवरून उचलतो."

"आणि पेनड्राइव्ह काढला तर?"

"तर चित्र सापडत नाही. मग कोरा कागद दाखवतो. बाण मात्र कॉम्प्युटरचा स्वतःचा, तो राहतो." ती थांबली. "म्हणजे कुणीतरी काढतंय?"

"हा पेनड्राइव्ह कशाचा आहे हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"बाबा सोडून सगळ्यांना. ते म्हणाले, मला फक्त चित्र दिसू दे, बाकी मला सांगू नकोस. चुलतभाऊ टॉर्च धरायला होता, चिमणी मधूनमधून डोकावत होती, आई शेजारीच बसली होती. मी सगळ्यांना बजावलं होतं, हा निळा काढायचा नाही."

फोन ठेवल्यावर भावोजींनी मांडी ठोकली. "पुतण्या. गिऱ्हाईक त्यानं आणलं. म्हाताऱ्याला वेडं ठरवायचं आणि गोदामवाल्याकडून मलिदा खायचा."

"मलिद्यासाठी स्वतःची नोकरी घालवेल का कुणी?"

"मग चिमणी. तिला पेनड्राइव्ह काढाघालायची सवय आहे. स्वतःचा सापडला नाही की निळा उचलत असेल."

"आणि निळ्यावर गाणी कुठून येतील? त्यावर नुसते घोडे आणि बदकं आहेत." वहिनींनी दिवाणावर पाय वर घेतले. "भावोजी, आजच्या चहात काय वेगळं होतं?"

"चहात काही नाही. चहा उत्तम. पण एवढ्याशा घरात साखरेचे दोन डबे कशाला ते कळलं नाही. आणि हातात घेतलेला डबा परत का ठेवला? साखर तर साखर."

"तुम्ही रहस्य सोडवलंत," वहिनी म्हणाल्या.

भावोजींना आनंद झाला. कसं सोडवलं ते मात्र त्यांना कळलं नाही.

*

गुरुवारी सकाळी शेडमध्ये सगळे जमले. चिमणीनं गाणी बंद केली. पुतण्यानं फोन खिशात टाकला. माई मधल्या दारात उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत. आपण कोण, हे वहिनींनी सरळ सांगून टाकलं, आणि अण्णांना विचारलं, "यांच्यासमोर बोलू?"

अण्णांनी कारखान्यावरून एकदा नजर फिरवली. "बोला. उद्या कळायचं ते आज कळेल."

मग वहिनींनी अण्णांची तक्रार जशी ऐकली होती तशी सांगितली. कोरे कागद, बंद-चालू करणं, आधी अक्षरं गेली आणि आता चित्रं चालली ही त्यांची समजूत. कारखाना विकायचं कारणही तेच.

माईंचा पदर हातातच राहिला.

"पहिलं उत्तर," वहिनी म्हणाल्या. "अण्णा, चित्रं तुमच्या डोक्यातून गेली नाहीत. हे मला तुम्ही बोलत होतात तेव्हाच कळलं. तुम्हाला घोडा दिसत नव्हता, पण बाण दिसत होता. बदक दिसत नव्हतं, पण कचऱ्याची टोपली दिसत होती. डोकं चित्रं विसरायला लागलं, तर आपल्या हातानं शंभरदा घडवलेला घोडा विसरून कोपऱ्यातला नखाएवढा बाण लक्षात ठेवेल का? गेली ती फक्त तुमच्या मुलीनं काढलेली चित्रं. कॉम्प्युटरची स्वतःची सगळी शाबूत. म्हणजे गडबड तिथं होती."

अण्णांनी टेबलाची कड धरली.

वहिनींनी मागून निळा पेनड्राइव्ह उपसला आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पडदा उजळला. पांढरे कागद एका ओळीनं उमटले, प्रत्येकाच्या कोपऱ्यात बाण.

"हेच," अण्णा पुटपुटले. "तुम्हालाही दिसतंय?"

"मला दिसतंय," पुतण्या म्हणाला. "अण्णा, मलाही कोरंच दिसतंय."

"मुलीनं काढलेली चित्रं या पेनड्राइव्हवर आहेत, आणि तो आपोआप बाहेर पडत नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "बाकीच्या खाचा भुशानं बुजल्यात, याच्याभोवती मात्र कण नाही, कारण तो वरचेवर काढला जातो. काढणारा सकाळी अण्णांच्या आधी इथं येतो आणि अण्णा आत चहा घेऊन पडले, की परत लावून जातो. पुतण्या त्या वेळी दुकानांच्या फेरीवर असतो. चिमणी मुलाला सोडून उशिरा येते."

चिमणीनं माईंकडे पाहिलं आणि झटकन नजर दुसरीकडे वळवली.

"जिथं चहासुद्धा आणायला बंदी, तिथं मुंग्या आल्या, त्याही नेमक्या पेनड्राइव्हवर. त्याच्या फटीत साखरेचे कण अडकले होते. तो काढल्यावर कुठल्या तरी डब्यात साखरेखाली लपवला जात असणार. भावोजींनी पाहिलं, त्या घरात साखरेचे डबे दोन आहेत आणि चहात एकाच डब्यातली साखर पडते."

"मी पाहिलं," भावोजी म्हणाले, आणि मग त्यांना आपण काय पाहिलं ते कळलं. ते खाली बघायला लागले.

"पण मला खात्री पटली ती वेगळ्याच गोष्टीनं. अण्णा, तुम्ही म्हणालात, झोप झाली नाही की चित्रं जातात. तुम्हाला तो आजाराचा पुरावा वाटला. मी उलटं धरलं. चित्रं नेणाऱ्याला तुमची रात्र कशी गेली हे सकाळ व्हायच्या आत कळतं. तुम्ही ते कुणाला सांगत नाही. मग तुम्हाला झोप लागली नाही हे कुणाला कळेल? तुमच्याबरोबर जिला लागली नाही, तिलाच."

माई दारातून पुढे आल्या. बारीक आवाजात, पण सरळ अण्णांकडे बघत म्हणाल्या, "त्या रात्री तुम्ही टक्क जागे होतात. मला माहीत होतं. सकाळी म्हटलं, आज नका जाऊ, तर तुम्ही हसलात. मी जाऊ दिलं. मग ते मशीन ऐकत राहिले मी. एकसारखं चालू. म्हटलं, काम करतायत. तुम्ही पडला होतात आणि मी आत भाजी निवडत होते."

"अगं," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला थांबा म्हटलं तर तुम्ही थांबणार नाही. म्हटलं, कॉम्प्युटर बिघडला म्हणून तरी थांबाल. आत याल, चहा घ्याल, जरा डोळा लागेल. लागायचाही. तेवढ्यात मी परत लावून यायची. एवढंच. तुम्ही स्वतःच्या डोक्यावर घेताय हे मला कधी..." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "विकतो म्हणालात तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, सुटले. मग तुम्ही जेवेनासे झालात."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत?"

अण्णांचे खांदे हलायला लागले. भावोजी घाबरून पुढे झाले, पण अण्णा हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते.

"म्हणजे मी ठीक आहे?"

"डोकं जागेवर आहे," वहिनी म्हणाल्या. "झोपेचं मात्र डॉक्टरांना सांगा. दोघांनी मिळून सांगा."

अण्णा उठले, माईंपाशी गेले आणि त्यांच्या हातातला पदर सोडवून त्यांनी तो हात धरला. "त्या सकाळी मी तुला हसलो नव्हतो. मला भीती वाटत होती म्हणून हसलो."

पुतण्यानं खिशातून फोन काढला. "गोदामवाल्याला काय कळवू?"

"कळव की म्हातारा शुद्धीवर आलाय," अण्णा म्हणाले.

मग कामाला सुरुवात झाली. मुलीला फोन लावून तो टेबलावर उभा केला आणि ती पलीकडून सांगत गेली. आधी पेनड्राइव्हवरची चित्रं कॉम्प्युटरमध्येच एका फोल्डरमध्ये उतरवून घेतली. मग एकेका शॉर्टकटवर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, 'चेंज आयकॉन', आणि त्या फोल्डरमधलं चित्र निवडायचं. पुतण्या माउस चालवत होता, पण भावोजींना राहवेना, म्हणून त्यांना दोनतीन फाइली दिल्या. त्यांनी बदकाच्या फाइलवर हत्ती बसवला.

"मुख्याध्यापक," चिमणी म्हणाली, "तुमच्या बालवाडीत काय शिकवतात?"

हत्ती हलवून बदक आणलं गेलं. पेनड्राइव्ह बाहेर ठेवून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. घोडा आला, बदक आलं, बैलगाडी, भोवरा, शिट्टी, सगळे एकामागून एक आले.

"दिसतात का हो?" फोनमधून मुलीनं विचारलं.

"दिसतात," अण्णा आणि माई एकदमच म्हणाले.

*

पुढच्या आठवड्यात एका सकाळी वहिनींच्या घरचा फोन वाजला. भावोजींनी उचलला. पलीकडे अण्णा होते.

"तुमची बदकं आज मिळायची नाहीत," ते म्हणाले. भावोजींनी एका खऱ्याखुऱ्या बालवाडीसाठी ऑर्डर दिली होती, ती आता पुरी करणं भाग होतं. "आज कारखाना बंद आहे. काल रात्री झोपच लागली नाही."

"अरेरे. मग माईंना सांगितलंत की नाही?"

"सांगितलं ना. उजाडायच्या आत हलवून जागं केलं आणि सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, मला माहीत आहे, झोपा आता."